मळाचें मूळ

परभाषेचा कोश चाळतांना शिष्ट शब्दांपेक्षां रस्त्यावरचे शब्दच कधीं कधीं अधिक शिकवून जातात. फ्रेंच भाषेंतील 'क्राद' हा आम्हांस त्यांपैकींच एक वाटतो. अर्थ घाणेरडा, मळकट. पॅरिसमधील तरुण मित्राच्या खोलीस किंवा सदऱ्यास तो सहज लावील; पण अर्जांत वा वडीलधाऱ्यांपुढें 'साल' हा शिष्ट शब्द योजील. 'क्रादो' व 'क्रादँग' हीं 'क्राद'चींच भावंडें. लहान मुलांच्या तोंडीं 'क्राक्रा' येतें.

ह्या सर्वांच्या मुळाशीं 'क्रास' आहे, म्हणजे अंगावर वा कपड्यावर चढलेलें मळाचें पुट. त्याच्याही मागें लॅटिन 'क्रासुस'. त्याचा अर्थ जाड, स्थूल. इ. स. पूर्व ५३ मध्यें पार्थियनांशीं झालेल्या युद्धांत मारला गेलेला धनाढ्य रोमन क्रासुस ह्याचें कुलनाम तेंच. घोर अज्ञानास फ्रेंचमध्यें आजही 'क्रास' अज्ञान म्हणतात. तेथें शब्दाचा जुना जाडपणा टिकून आहे.

खरी मौज पुढेंच आहे. आपला 'गलिच्छ' ज्या अरबी 'गलीज' शब्दाशीं जोडिला जातो, त्याचाही मूळ अर्थ जाड, दाट असाच. भिन्न कुळांतील दोन भाषांस मळ हा वर चढलेला थरच दिसला. आणि जें वर चढलें, तें धुतां येतें.

परंतु शब्द तेथें थांबत नाहींत. फ्रेंचांचा 'साल' सदऱ्याच्या नांवामागून आला तर सदरा मळका ठरतो. माणसाच्या नांवाआधीं आला तर माणूस नीच ठरतो. आपल्याकडे एवढी जागा बदलण्याचेंही कारण पडत नाहीं. 'गलिच्छ वस्ती' म्हणतां म्हणतां तेथील माणसेंही आपण गलिच्छ ठरवितों. आमच्यासारख्या घराण्यांनीं तर सोंवळ्याओंवळ्याच्या नांवाखालीं पिढ्यान्‌पिढ्या कित्येक माणसांस असा मळ चिकटविला कीं, तो कोणत्याही पाण्यानें जाऊं नये. कायद्यानें अस्पृश्यता १९५० सालीं नष्ट केली. जिभेवरचें पुट अद्याप कोठें कोठें दिसतें.

ह्याची सुरुवात घरांतूनच करावयास हवी. चिखलांत खेळून आलेल्या नातवास 'पाय मळले आहेत, धुऊन ये' एवढेंच सांगावें. 'गलिच्छ कुठला!' असें म्हणूं नये. पाय घटकाभरांत स्वच्छ होतात. शब्द मात्र मुलाच्या मनांत राहतो, आणि उद्यां तोच तो दुसऱ्यास लावितो.