ऑपरेटरसोबत मुंबई

धर्मापुरीच्या माणसाला मुंबई माहीत नसते, असा एक गैरसमज मुंबईच्या माणसांत आहे. उलट आम्हांला ती जरा जास्तच माहीत असते. खलनायक कुठल्या गोदामात लपतो, नायिका पावसात कुठल्या समुद्राकाठी भिजते, गावाकडून आलेला नायक व्ही. टी. स्टेशनाबाहेर ट्रंक घेऊन कसा आभाळाकडं बघत उभा राहतो, हे सगळं आमचं बाराव्या वर्षीच पाठ झालेलं असतं. राहिलेलं असतं ते फक्त प्रत्यक्ष जाणं. तेही २०२४ च्या फेब्रुवारीत उरकलं.

आम्ही चौघे होतो. मी बँकेत क्लार्क, त्यातून बी. कॉम., तेव्हा हिशेब माझ्याकडं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणून माहिती त्यांच्याकडं. शेठचं खत-बियाणांचं दुकान. त्यांच्याकडं फक्त भूक. आणि चौथे ऑपरेटर.

ऑपरेटरचं खरं नाव मतदारयादीत असावं; गावात कुणाला ठाऊक नाही. ऐन तारुण्यात ते टूरिंग टॉकीजवर मशीन चालवायचे. जत्रा आली की तंबू लागायचा, मागं पत्र्याची खोली आणि आत हे गृहस्थ बनियनवर, घामानं निथळत. आम्हां पोरांना त्या वेळी अमिताभपेक्षा ह्या माणसाचा धाक जास्त वाटायचा. कारण अमिताभची उगारलेली मूठ हवेतच थांबवायची ताकद फक्त ह्यांच्यात होती. पुढं व्हिडिओ आला, केबल आली, तंबू कायमचा गुंडाळला गेला आणि ऑपरेटर रिक्षा चालवू लागले. पण मोठ्या थेटरात खुर्चीवर बसून, अथपासून इतिपर्यंत त्यांनी एकही पिक्चर पाहिलेला नव्हता.

"आमचं तोंड पडद्याकडं, पण ध्यान सारं कार्बनकडं," ते म्हणायचे. "ष्टोरी कुठं बघायलाव?"

तेव्हा मुंबईला जायचं आणि ऑपरेटरला एक अख्खा पिक्चर दाखवायचा, असा ठराव शेठच्या दुकानात पोत्यांवर बसून एकमतानं मंजूर झाला.

लातूरहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी मुंबईत उतरलो. तोंड धुऊन होतंय तोच गुरुजींनी आम्हांला काळा घोडा भागात एका जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतीसमोर नेऊन उभं केलं. हे एके काळचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथं. तिकीट एक रुपया.

"तवा रुपया?" शेठ कळवळले. "मग नाश्ता काय असंल?"

गुरुजींनी तिकडं दुर्लक्ष करून फाळक्यांवर गाडी वळवली. फाळक्यांचं मला कौतुक आहे ते जरा वेगळ्या कारणानं. दादासाहेबांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून विलायत गाठली, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने पुढं केले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवलं. आता हा प्रस्ताव आमच्या शाखेत आला असता तर काय झालं असतं? कर्जाचं कारण: हलती चित्रं. तारण: पत्नीचे दागिने. नायिका: आचारी. आमच्या साहेबांनी त्यावर जो शेरा मारला असता तो इथं छापता येणार नाही. सिनेमाला उद्योगाचा दर्जा देण्याचं सरकारनंसुद्धा १९९८ साली जाहीर केलं, म्हणजे फाळक्यांनंतर पंच्याऐंशी वर्षांनी. सरकारी फाइल म्हटली की एवढा वेळ लागायचाच.

अकरा वाजता मराठा मंदिर. तिथं 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' ऑक्टोबर १९९५ पासून मुक्कामाला आहे. करोनातली सक्तीची सुट्टी सोडली तर पाहुणा हललेला नाही. चौघांच्या तिकिटांचे मिळून जेवढे पैसे झाले, तेवढ्यात मल्टिप्लेक्समध्ये एकट्या शेठचा पॉपकॉर्न झाला नसता. तिकिटांचे पैसे द्यायला मी पाकीट काढलं, तर ऑपरेटर खिडकीला आडवे पडले. "ह्ये माझं."

खेळ सुरू व्हायला वेळ होता, म्हणून गुरुजींनी सांगितलं, की १९६० साली 'मुघल-ए-आझम'चा पहिला खेळ ह्याच थेटरात झाला आणि त्याची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आणली होती.

ऑपरेटर ताठ बसले. "आमची यष्टीच्या टपावरून यायची," ते म्हणाले. "परळीच्या गाडीनं. डबा उतरवायला मी सोता टपावर चढायचो. एकदा शेवटाचं रीळ पुढच्या गावाला ग्येलं. मग म्या माईकवरून सांगितलं, लग्न झालं, समदे सुखी हैत, आता घरला जावा."

अंधार झाला. पिक्चर आम्हां तिघांचा पाठ होता, त्यामुळं मी ऑपरेटरकडंच पाहत होतो. आणि ते पडद्याकडं पाहत नव्हते! मान मागं वळवून, आमच्या डोक्यांवरून जाणारा तो उजेडाचा झोत बघत होते. मी कोपरानं ढोसलं तेव्हा मान पुढं झाली. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांची चुळबुळ सुरू होई. "आता संपंल रीळ," ते कुजबुजत. तंबूत मशीन एकच. रीळ संपलं की दिवा लागायचा, शिट्ट्या पडायच्या आणि तेवढ्या वेळात ह्यांना दुसरं चढवावं लागायचं. इथं रीळ काही संपेना. इंग्लंडातून गाडी पंजाबात आली, मोहरीची शेतं आली, तरी शिट्टी नाही की दिवा नाही.

मध्यंतरात ते दारावरच्या माणसाजवळ गेले. मला वाटलं, मुतारी विचारायला गेले.

"रीळ नसतं आता, काका," तो माणूस म्हणाला. "सगळं डिजिटल."

ऑपरेटरला हे माहीत नव्हतं असं नाही. गावात पोरं मोबाइलवरच पिक्चर बघतात. तरी ते परत येऊन बसले ते काही न बोलता. उत्तरार्धात मात्र एकदाही मागं वळले नाहीत. शेवटी सिमरन पळत गाडीकडं निघाली तेव्हा ते खुर्चीच्या कडेला आले होते आणि पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"चढली," ते मोठ्यांदा म्हणाले. पुढच्या रांगेतली दोन पोरं वळून बघायला लागली.

दुपार शेठची होती. ती भात, आमटी आणि मासळीत गेली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं शेठनं काही उरवलं नाही. मग टॅक्सी. गुरुजींना चेंबूरला राज कपूरचा आर. के. स्टुडिओ बघायचा होता. टॅक्सीवाल्यानं आरशातूनच हात हलवला. १९४८ चा तो स्टुडिओ २०१७ साली आगीत जळाला आणि २०१९ साली विकला गेला, घरं बांधायला. हॉलिवूडच्या डोंगरावरची ती जगप्रसिद्ध पाटीसुद्धा मुळात १९२३ साली प्लॉट विकण्यासाठीच लावली होती. तिकडं प्लॉटपासून सिनेमापर्यंत पोचले, इकडं सिनेमापासून प्लॉटपर्यंत. खातं एकच, जमेची बाजू तेवढी बदलली.

शेवटी वांद्र्याचं बँडस्टँड. समोर एवढा थोरला समुद्र पसरलेला आणि गर्दीची त्याच्याकडं पाठ! सगळ्यांची तोंडं 'मन्नत'च्या फाटकाकडं. आत कुणी आहे की नाही, याची चौकशीही कुणी करत नव्हतं. आमच्या गावात चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एकाहून एक देखण्या दगडी बायका उभ्या आहेत. नऊशे वर्षं झाली तरी जागच्या हलल्या नाहीत, कितीही फोटो काढा. त्यांच्याकडं आम्ही ढुंकून बघत नाही, आणि इथं रंग दिलेल्या भिंतीचे गुरुजींनी सतरा फोटो काढले.

ऑपरेटर कठड्यावर बसून समुद्राकडं बघत होते. मी तिथंच वही काढून दिवसाचा हिशेब मांडला. थेटरचे पैसे वजा करून ऑपरेटरला परत द्यायला निघालो, तर ते घेईनात.

"मला नगं. गुरुजींकडून घेयाचेत," ते म्हणाले. "त्र्याण्णवच्या जत्रंत तीन पिक्चर बघितलेत त्यांनी, कनातीखालून शिरून. भोकातून दिसायचं मला."

गुरुजी त्र्याण्णव साली गुरुजी नव्हते, सातवीत होते. तरी चेहरा पडला.

मी आकडेमोड केली. दोन रुपये दरानं तिनाचे सहा, एकतीस वर्षं, दहा टक्के चक्रवाढ: एकशे पंधरा रुपये सतरा पैसे. गुरुजींनी निमूटपणे सव्वाशे काढले.

"सुट्टे न्हाईत," म्हणत ऑपरेटरनी ते खिशात घातले आणि खिशातली थेटरच्या तिकिटाची अर्धुकं पडू नयेत म्हणून वरून हात ठेवला.