विहिरीतला ओळंबा

पंचमीला आमच्या लिंबागणेशात झोके बांधतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, लिंबाच्या आडव्या फांदीला नाडा टाकलेला असतो आणि दिवसभर झोक्याला उसंत नसते. त्या दिवशी माझी भाची मात्र झोक्याच्या रांगेत नव्हती. दहावीतली पोर, मोबाइल हातात धरून प्रत्येकीच्या झोक्याचा वेळ मोजत बसली होती.

"आत्या, काकू बसली काय अन् बारकी बसली काय, वेळ तेवढाच लागतोय. वजनाचा फरकच पडंना."

मी बीडला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला वर्गात कुणी आपणहून विचारलेला आठवत नाही. तिला सांगितलं, जड माणसाला पृथ्वी जास्त ओढते, पण त्याला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो, म्हणून वजनाचा हिशेब फिटून जातो. मागे उरतात दोनच गोष्टी, दोराची लांबी आणि पृथ्वीची ओढ. लांबी चौपट केली तर एका आंदोलनाला दुप्पट वेळ लागेल. ओढ चौपट असती तर वेळ निम्मा झाला असता. झोक्यावर उभं राहिलं की झोका लवकर परततो हे तिनं टिपलं होतं, पण तो पायांच्या जोराचा परिणाम आहे असं तिला वाटलं होतं. खरं तर उभं राहिल्यावर शरीराचा भारमध्य वर सरकतो, म्हणजे लंबकाची लांबीच कमी होते.

ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग लांबी अन् वेळ मोजला तर ओढ निघंल की!"

प्रयोगशाळेत हीच ओढ काढायला मुलं मीटरभर दोऱ्याला गोळी बांधतात, पण उत्तर ९.८ यायला हवं हे आधीच ठाऊक असतं आणि वहीतली मापं त्या उत्तराकडे सरकवली जातात. हे मला फार सलतं. इथं एक मुलगी उत्तराकडे न बघता मोजायला निघाली होती, म्हणून मी सगळी कामं बाजूला ठेवली.

झोका त्या कामाचा नव्हता. फार उंच गेलेल्या झोक्याला वेळ जास्त लागतो, ४५ अंशांपर्यंत नेला तर साधारण ४ टक्के जास्त. शिवाय फांदी स्वतःच डुलते. आम्ही भावाच्या शेतातल्या विहिरीवर गेलो. तिच्यावर लोखंडी गर्डर आडवा टाकलेला आहे आणि आत वारा लागत नाही. पाऊस ओढ देऊन बसलेला, त्यामुळे पाणी तळाशी होतं. बांधकामाची तार घेतली आणि गवंड्याकडून पितळी ओळंबा मागून आणला. गर्डरपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत लांबी भरली ८.६४ मीटर. ओळंबा जेमतेम हातभर बाजूला ओढून सोडला आणि ५० आंदोलनं मोजली. वेळ आला २९५.३ सेकंद, म्हणजे एका आंदोलनाला सहा सेकंदांहून थोडा कमी. लांबीला ३९.४८ ने (म्हणजे ४π² ने) गुणून त्या वेळेच्या वर्गानं भागलं. ९.७८.

"पुस्तकात ९.८ हाय," ती हिरमुसून म्हणाली. मी तिला थांबवलं. अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी उत्तर ०.०३ नं हलतं, त्यामुळे या एका आकड्यावर फार भार देता येणार नाही. पण ९.८ हा काही प्रत्येक गावाचा आकडा नाही. ध्रुवावर ९.८३२, विषुववृत्तावर ९.७८०. आपण एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास, म्हणजे ९.७८ हेच आपल्या गावाचं माप. फ्रेंच खगोलज्ञ रिशे १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथं दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागं पडू लागलं. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे असं न्यूटननं मांडलं, तेव्हा त्याला या घड्याळाचा आधार मिळाला.

आपण बालाघाटाच्या पठारावर राहतो, त्याचाही परिणाम होतो. नुसती उंची धरली तर १००० मीटरला लंबकाचं घड्याळ दिवसाला १३-१४ सेकंद मागं पडतं. पण पायाखाली काळा पाषाण आहे आणि तोही ओढतो. उंचीमुळे जे घटतं, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग हा पठाराचा दगड परत देतो.

याच हिशेबासाठी कॅप्टन जेम्स बसेवी १८६५ पासून लंबक घेऊन भारतभर फिरला. सर्वेक्षण खात्याचा हा माणूस दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी आंदोलनं मोजत गेला. लडाखच्या मोरे पठारावर, १५,००० फुटांहून जास्त उंचीवर, त्यानं मापं घेतली आणि त्याच मोहिमेत जुलै १८७१ मध्ये तो गेला. एवढ्या प्रचंड पर्वतानं जितकी ओढ द्यायला हवी तितकी त्याच्या मापांत दिसली नाही. हिमालयाच्या खाली खोलवर हलका खडक आहे, या विचाराला त्यामुळे बळ मिळालं. कुणीही पोहोचू शकणार नाही अशा खोलीची खबर एका हलत्या वजनानं आणली, हे वाचताना मला आजही भरून येतं.

भाचीनं विहिरीत वाकून पाहिलं. "मग खाली पाणी कुठंय ते सांगंल का ह्यो?"

बीड जिल्ह्यातल्या पोरीनं हेच विचारायला हवं. मी कागदावर हिशेब मांडला. जमिनीखाली एक मीटर जाडीचा पाण्याचा थर वाढला, तर लंबकाच्या घड्याळात दिवसाला सेकंदाच्या दोन हजारांशाहूनही कमी फरक पडेल. आपल्या दगडात पाणी फक्त फटींतून साठतं, म्हणजे विहीर मीटरभर चढली तरी प्रत्यक्ष पाण्याचा थर काही सेंटिमीटरचाच असेल. ओळंब्याला ते कळणार नाही. पण ओढीतला एवढा बारीक फरक आज मोजता येतो. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस या जोड उपग्रहांनी आपापसातलं अंतर किती बदलतं ते मोजून राजस्थान, पंजाब आणि हरियाणातलं भूजल खाली जात असल्याचं दाखवलं, २००९ मध्ये ते प्रसिद्धही झालं. फक्त त्यांना शेकडो किलोमीटरचा मुलूख एकत्र दिसायचा, एक विहीर वेगळी दिसायची नाही.

"म्हणजे अजून बारीक मोजायचं यंत्र पायजे," ती म्हणाली. तशी यंत्रं आहेत आणि ती जमिनीवर ठेवून वापरतात. ती कशी चालतात ते मी तिला पुढच्या सुटीत समजावून सांगणार आहे.