उष्मांकांची खतावणी

हिशेब हा आमच्या घरातला जुना रहिवासी. वडिलांचे यवतमाळात लहानसे किराणा दुकान आहे. कुणाकडे किती उधारी राहिली याची नोंद त्यांच्या लाल वहीत ज्या निष्ठेने होते, तितक्या निष्ठेने आमच्या घरी देवपूजाही होत नसेल. साखरेच्या पोत्यात किती तूट आली, तेलाच्या डब्याच्या तळाशी किती राहिले, हे वडील झोपेतूनही सांगतील. परंतु त्याच पोत्यातली साखर आणि त्याच डब्यातले तेल घरच्या पाच माणसांच्या पोटात महिन्याला किती गेले, हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. दुकानातला माल मोजायचा, घरातला मोजायचा नाही. घरच्यांना मोजून वाढणे म्हणजे कंजुषी, आणि आपल्या वऱ्हाडात त्याहून मोठी बदनामी दुसरी नाही!

त्या घरात मी गेल्या वर्षी पोळ्याच्या थोडे आधी खाण्याची वही घातली. आईच्या रक्ताची तपासणी होती म्हणून तिच्यासोबत दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी आईचा कागद पाहिला, मग मान वर करून मला पाहिले आणि म्हणाले, "हिचीही करून घ्या." आईला मधुमेह निघाला तो अडतिसाव्या वर्षी. तिच्या आईची दृष्टी याच आजारात गेली; शेवटची चार वर्षे माझी ती आजी आम्हा नातवंडांना आवाजावरून ओळखत असे. माझा आकडा निघाला ६.१. गेल्या तीनेक महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती होती, ते या तपासणीत कळते. ५.७ च्या खाली असले तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधली जागा म्हणजे उंबरठा. वय वीस, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक काढतात तो माझा ३१ च्या घरात आला. आपल्या लोकांत २५ च्या वर स्थूलपणा धरतात. मैत्रिणी मला ‘खात्यापित्या घरची’ म्हणत. त्याला आता वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले.

"सात-आठ किलो उतरवलेस तर हा आकडा मागे फिरू शकतो," डॉक्टर म्हणाले. आजोळच्या आजीला असे कोणी कधी म्हटले नव्हते.

बातमी घरी येईपर्यंत सल्ले आधीच येऊन बसले होते. कोणी म्हणाले भात सोड, कोणी म्हणाले सकाळी लिंबू-मध घे. शेजारच्या काकू डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने चालतात: दिवसातून दोनदाच जेवायचे, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत. या विचाराचे मूळ आपल्या नागपूरच्या कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांत आहे, हे त्या अभिमानाने सांगतात. काकूंना ते मानवले आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी अडचण निराळी होती. सकाळी सातला घर सोडून दुपारी परतणाऱ्या मुलीचे ते दोनदा कुठे बसवायचे? आणि सगळ्यांच्या सल्ल्यांत एक कलम सारखे होते: गोड बंद, तळलेले बंद, कायमचे. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे बैलांनाही पुरणपोळी मिळते. बैलाने खावी आणि मी बघत बसावे, हे काही मला पटेना.

बी.ए.ला माझा गृहअर्थशास्त्र हा विषय आहे. "पोळ्या लाटायला कॉलेज कशाला?" ही त्या विषयावरची आपल्या कॉलेजातली सर्वांत जुनी थट्टा. ती करणारे मित्र हा अंक वाचतीलच, म्हणून सांगते. याच विषयाच्या प्रात्यक्षिकात आम्ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची कोष्टके वापरतो. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तयार केलेली ही कोष्टके. संस्थेने २०१७ साली नवी काढली, पण आमच्या वह्यांत अजून जुनीच चालतात. परीक्षेपुरता ‘गर्भवती स्त्रीचा एक दिवसाचा आहार’ लिहिला की वही बंद, असा रिवाज. मी ती स्वतःसाठी उघडली. मॅडमनी हिशेब मांडून दिला: माझ्या शरीराचा दिवसाचा खर्च साधारण दोन हजार कॅलरी, तर जमा ठेवायची पंधराशे. दुकानातून जुना काटा आणला. वडील म्हणाले, "काटा नेला तर नेला, पण वही रोजची रोज लिहायची. दोन दिवसांनी आठवून लिहिलेली उधारी कधी खरी नसते."

कोष्टकाने पहिला धक्का दिला तो भात-पोळीच्या भांडणाला. शंभर ग्रॅम ज्वारीत ३४९ कॅलरी, कणकेत ३४१, तांदळात ३४५, तुरीच्या डाळीत ३३५. म्हणजे ‘भात सोड’ म्हणणाऱ्यांनी भाताऐवजी तेवढीच पोळी खाल्ली तर हिशेबात काहीच हलत नाही! हलते ते दुसरीकडे. शेंगदाण्यात ५६७, आणि तेला-तुपात ९००. आई भाजीत तेल अंदाजाने घालते. एका रविवारी मी तो अंदाज तोलला. भरल्या वांग्यांच्या कढईत १२० ग्रॅम तेल गेले होते. पाच माणसांत विभागून माणशी २४ ग्रॅम, म्हणजे २१६ कॅलरी. साठ ग्रॅम पिठाची भाकर २१० ची. वांगी जेवताना आम्ही प्रत्येकजण एक अदृश्य भाकर जास्तीची खात होतो. आईला मी काही बोलले नाही, नुसता कागद दाखवला. ती म्हणाली, "तर्री नसली तर त्याला भाजी म्हणायची का?" तिचे म्हणणेही खरेच होते. मग ठरले की तेल निम्मे करायचे आणि तर्रीची भाजी आठवड्यातून एकदा.

चहाचे प्रकरण अधिक गंभीर निघाले. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा ग्रॅम, त्याच्या ४०. म्हशीचे अर्धा कप दूध, त्याच्या ६०. शंभरावर एक चहा, आणि दिवसाला पाच. पंधराशेतले पाचशे मी बसल्या जागी पिऊन टाकत होते आणि त्यातून भूक तर भागतच नव्हती. चहा दोनावर आणि साखर एका चमच्यावर आणली. या एका फेरफाराने रोजचे साडेतीनशे वाचले. ते वाचवताना आठ दिवस डोके दुखले, हेही नोंदवते.

मोबाईलवर यासाठी तयार सोयी असतात. मीही एक घेऊन पाहिली. तिला पिझ्झा किती इंचांचा ते माहीत होते, पण कोहळ्याचे बोंड, गोळाभात, रोडगे यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. तिला काढून टाकले आणि दोनशे पानी वही बरी म्हटले.

आता मुख्य मुद्दा, आलूबोंड्याचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी गाडी लागते. बटाटा ५० ग्रॅम, बेसन २०, प्यालेले तेल दहा ग्रॅमच्या आसपास: सारे मिळून दोनशे-सव्वादोनशे. रोज खाल्ला तर घात आहे, पण कधीच खायचा नाही असे कोष्टक कुठेही म्हणत नाही. आईच्या मंडळात भिशी चालते, तशी मी लावली. सहा दिवस पंधराशेऐवजी चौदाशे खायचे, रविवारी सहाशे हातात येतात. त्या सहाशेंत दोन आलूबोंडे आणि वर थोडी जिलबीसुद्धा बसते. पोळ्याला पुरणपोळी: डाळ २५ ग्रॅम, गूळ २५, कणीक ३०, वर दोन चमचे तूप, एकूण ३८० च्या आसपास. भिशी आधीपासून साठवून मी त्या दिवशी दोन खाल्ल्या. आपल्याकडे पुरणपोळी तुपाच्या वाटीत बुडवून खातात, ती बुडवाबुडवी मात्र सोडली. त्या दोन पोळ्या मला पूर्वीच्या चारांपेक्षा जास्त वेळ पुरल्या.

व्यायामाने किती खर्च होतो, हे कळल्यावर मन खट्टू होते. माझ्या वजनाच्या माणसाने एक किलोमीटर चालले तर ढोबळ मानाने पन्नास कॅलरी जातात. एका आलूबोंड्याला चार किलोमीटर! तरी पहाटे साडेपाचला मी नेहरू स्टेडियमवर जाऊ लागले. तिथे पोलीस भरतीची मुलेमुली घाम गाळत असतात; मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. पहिल्या दिवशी मागून "ओ ताई, बाजूले व्हा!" अशी हाळी आली आणि पंधरा-वीस जण माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. डिसेंबरच्या थंडीत मी त्यांच्या मागे आठशे मीटर न थांबता धावले. वेळ सांगत नाही, तो भरतीच्या कामाचा नव्हता.

याच दिवसांत अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले: २२५०. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असे त्यांनी धरले. त्या मापाने ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली निघाले. पुढे १९७९ च्या कृतिगटाने गावासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० हे आकडे घेतले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या मापालाच हरकत घेतली. माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या खालच्या प्रत्येकाला उपाशी म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांना ते मान्य नव्हते. सर रंगून सांगत होते आणि माझे लक्ष मांडीवरच्या वहीकडे गेले. तिथे त्या दिवसाची जमा लिहिली होती: १४२०.

शेजारी बसणारी मैत्रीण कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातून एस.टी.ने येते. तिने ती वही पाहिली.

"काय लिहून राह्यली वं?"

"जेवण."

"जेवण लिवत असते का?" मग पाने उलटत म्हणाली, "माह्यं करून दे बरं."

मधल्या सुटीत केले. सकाळी सहाला चहा आणि एक पोळी, एकला डबा, रात्री भाकर-वरण. साडेतेराशेच्या आसपास भरले. तिचे वजन ३९ किलो. स्टँडपर्यंत तीन किलोमीटर पायी, आणि कापसाच्या दिवसांत सुटीच्या दिवशी वेचणीला. मी मुद्दाम ठरवून जेवढे खात होते, त्याहून कमी तिला न ठरवता मिळत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे १९ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. ते दोन्ही रकाने आमच्या एका बाकावर बसले होते. थोडा वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. मग तीच हसून म्हणाली, "तुह्यातल्या काढ अन् माह्यात टाक."

कोष्टक तेच होते. फल्लीदाणे ३० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम यांचे दोन लाडू साधारण अडीचशेचे, आणि त्यांना महागडे काही लागत नाही. दाणे तिच्या घरचेच. सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या. माझ्या वहीच्या मागच्या पानांपासून तिचा हिशेब सुरू झाला. मला जमा कमी करायची, तिला वाढवायची. आजवर तिचे तीन किलो वाढले आहेत. वेचणीच्या महिन्यात त्यातला एक पुन्हा गेला होता.

माझे म्हणाल तर पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. त्यात पाणीच पुष्कळ असते, असे मॅडम म्हणाल्या. मग महिन्याला एखादा किलो. मे महिन्यात ६६ वर काटा पाच आठवडे जागचा हलला नाही. शरीर हलके झाले की त्याचा खर्चही कमी होतो, हे एक कारण. यवतमाळचे ऊन हे दुसरे. आणि आंबा हे तिसरे. अकरा महिन्यांनी वजन ६४ आणि तो दुसरा आकडा ५.६. डॉक्टरांनी कागद आईच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवून दिला, अजून तिथेच आहे. आता स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीत मापाचा चमचा असतो. वडिलांनाही चहात साखर कमी मिळते, त्याबद्दल ते दुकानात गिऱ्हाइकांजवळ गाऱ्हाणे सांगतात.

राहिली घरची आजी, वडिलांची आई. वयाची पंचाहत्तरी उलटली आहे. माझ्या वहीला ती ‘पोट्टीचं येड’ म्हणते. परवा रविवारी मी काट्यावर पीठ तोलत होते, तर म्हणाली, "बाप्पा! तुमाले खायले हाये तं मोजून खाता. आमी नव्हतं तवा मोजत होतो." आणि १९७२ च्या दुष्काळाचे सांगू लागली. रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो मिळे. तिची भाकर थापताना तुटे. घरात सात तोंडे. आजी भाकरी मोजून थापी, मोजून वाढी आणि शेवटी स्वतः बसे. सकाळी एक, रात्री अर्धी, सोबत अंबाडीची भाजी नाहीतर मिरची. दिवसभर निंदण.

मी वही पुढे ओढली. मिलो कोष्टकात वेगळी नाही, पण ती ज्वारीचीच जात, म्हणून ज्वारीचा आकडा लावला. जाड भाकर, पीठ शंभर ग्रॅम धरले. दीड भाकर: सव्वापाचशे. भाजीचे काही टाकावे असे नव्हतेच.

"किती भरल्या वं माह्या?" आजीने विचारले.

"बेरीज व्हायची आहे, आजी."

"राहू दे मंग," ती म्हणाली. "आज तुहा आयतवार हाये ना? गाडीवर जाशीन तं मले दोन बोंडे आणजो. अन् माह्ये लिवजो नोको."