शिटी आणि सुतळी

गोव्याचं फुटबॉल म्हटलं की धेंपो, साळगावकर, चर्चिल ही नावं येतात. मी पंच म्हणून शिटी वाजवली ती बहुतेक त्यांच्या एक पायरी खाली. सर्वांत वरची प्रो लीग १९९८ साली सुरू झाली. तिच्याखालची दुसरी श्रेणी म्हणजे फर्स्ट डिव्हिजन. नावावर जाऊ नये. इथले बरेच खेळाडू दिवसा हॉटेलात, बंदरावर, दुकानात राबतात आणि संध्याकाळी गावच्या क्लबचा शर्ट चढवतात.

सामन्याआधी मी गोलची जाळी तपासतो. दोन खांबांत ७.३२ मीटर, आडवी दांडी २.४४ मीटरवर, हे माप जगभर एकच. जाळीचं तसं नाही. २०१३ साली जर्मनीच्या बुंडेसलिगात लेव्हरकूझेनच्या किसलिंगचा हेडर बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत शिरला आणि गोल दिला गेला. तिथे ही गत, तर आमच्याकडे कॅमेराही नाही. म्हणून माझ्या पिशवीत कार्डांबरोबर सुतळीचा गुंडा असतो.

मग दागिने. अंगावर दागिना चालत नाही, वर चिकटपट्टी लावून झाकलेलाही नाही. कुणाच्या गळ्यात क्रॉस, कुणाच्या गळ्यात देवीचा ताईत. मी थेट त्या पोराला काही म्हणत नाही. कर्णधाराला सांगतो, तो बहुधा त्याच वाड्यावरचा असतो, त्याचं ऐकलं जातं.

खरी परीक्षा ॲडव्हान्टेजची. फाउल झाला, पण ज्याच्यावर झाला त्याच्याच संघाला चाल पुढे नेता येत असेल, तर खेळ चालू ठेवायचा. काही सेकंदांत फायदा दिसला नाही, तर मागे येऊन फ्री किक द्यायची. सपाट हिरवळीवर हे जमतं. जांभ्याच्या मातीवर चेंडू कुठे उसळेल हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि पावसाळ्यात तो पेनल्टी क्षेत्रातल्या डबक्यात जागीच बसतो. म्हणून कोरड्या मैदानावर मी अर्धा श्वास जास्त थांबतो, चिखलात लगेच फुंकतो. पंचांचे गुण मोजणाऱ्या निरीक्षकाला हे नेहमी पटतंच असं नाही. प्रेक्षकांना तर कधीच नाही. 'दोळे खंय आसात?' हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो.

बाहेरच्यांना एक गोष्ट पटवून देणं कठीण जातं. वरच्या श्रेणीत जाण्याचा आनंद क्लबच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला होतोच असं नाही. वर गेलं की खेळाडूंचे पैसे, प्रशिक्षक, प्रवास, सगळंच वाढतं. गावची वर्गणी तेवढीच राहते. चमकलेली दोन-चार पोरं तोवर मोठ्या क्लबांनी हेरलेलीही असतात. खजिनदार हा हिशोब मांडतो. खेळणारे मांडत नाहीत. बढती ठरवणाऱ्या सामन्यातच मला सर्वांत जास्त कार्डं काढावी लागतात.