आंबोलीचा देवगांडूळ

आमचा भंडारा तलावांचा नि धानाचा जिल्हा. बांधीत गांडूळ दिसले की शेतकरी सुखावतो. पण सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला गेलो, तेव्हा शेणखताच्या ओल्या ढिगाखाली वीतभर जीव वळवळला, तो गांडूळ नव्हता. त्याला जबडा होता, बारीक दात होते. हा देवगांडूळ, बेडकाचा बिनपायांचा भाऊबंद! इथल्याच एका जातीला २००३ साली प्राणिशास्त्रज्ञ जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले गेले. हा मऊ, ओल्या मातीत राहतो. गांडुळे, वाळवी खातो. विषारी साप समजून लोक फावड्याने त्याचे तुकडे करतात. बांधवांनो, कोकणात सोयऱ्यांकडे खत उपसताना असा जीव दिसला, तर फावडे क्षणभर आवरा. जमिनीतला तोही एक सोबतीच आहे.