चाक दुसऱ्याच्या हाती

मोटार बाळगणाऱ्या माझ्या दोन-तीन मित्रांविषयी मला नेहमीच थोडी कणव वाटत आली आहे. वाचकहो, कोल्ह्याला द्राक्षे आंबट, अशातला हा प्रकार नव्हे. हे मित्र सहकुटुंब सहलीला जातात आणि परत येतात. बायकामुले कड्याचे, खाडीचे, मावळतीच्या रंगांचे वर्णन करू लागतात. मोटारीच्या मालकाला मात्र रस्त्यातले खड्डे आणि समोरून आलेले ट्रक एवढेच आठवत असते. दोष त्यांचा नाही. ज्याच्या हाती चाक, त्याचे डोळे रस्त्याकडे गहाण पडलेले. अर्जुनाने हे बरोबर ओळखले होते. दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा कर, मला सगळे नीट पाहू दे, असे तो म्हणू शकला, कारण लगाम श्रीकृष्णाच्या हाती होते. स्वतःच घोडे आवरीत बसला असता, तर त्याला समोरचे आजोबा आणि गुरुजी दिसलेही नसते.

हे तत्त्वज्ञान मला कळले ते आईमुळे. गेल्या वर्षी नवरात्र आटोपले आणि धाकट्या भावाने तिला कायमचे डोंबिवलीला न्यायचे ठरवले. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, मी दिवसभर शाळेत. घरात एकटीने राहण्याचे तिचे दिवस सरले होते. तिने वाद घातला नाही. फक्त एक मागितले.

"जाण्याआधी एक दिवस मोटार सांग. मला आरे-वारेचा कडा बघायचाय. आणि चालवणारा वेगळा बघ हो. तू पुढे बसलास की मी बोलू कुणाशी? तुझ्या मानेशी?"

आमचे घर रत्नागिरीतल्या एका उतरत्या आळीत आहे. पुढे पोफळी, मागे माड, मध्ये चिरेबंदी भिंती. समुद्र दिसत नाही, पण त्याची गाज रात्री उशाशी येऊन बसते. आई या घरात लग्न होऊन आली, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. दर मे महिन्यात मुंबईची पाहुणेमंडळी यायची. वडील त्यांना किल्ल्यावर न्यायचे, आरे-वारेला न्यायचे. पहाटे उठून डबे भरायची ती आई. आंबोळ्या, चटणी, सोलकढीची बरणी. मंडळी दिवेलागणीला परतायची, तेव्हा चुलीवर पेज रटरटत असायची. घर राखायला कुणी तरी लागतेच, आणि ते कुणी तरी कोण, हे आमच्या घरात कधी विचारावे लागले नाही.

एस.टी. त्या वाटेने जाते, पण कड्याच्या वळणावर ती कुणाच्या आईसाठी थांबत नाही. तेव्हा एका दिवाळी अंकाचे मानधन नुकतेच हाती आले होते, ते मी मोटारीसाठी काढून ठेवले. सारथी मिळाला तो पंचविशीतला, अबोल मुलगा. आईने सकाळी डबे मोजून तीन घेतले. तिसरा कुणाचा, हे त्या मुलाला दुपारीच कळले.

पहिल्यांदा थिबा राजवाड्यावरून गेलो. ब्रह्मदेशाच्या या राजाचे राज्य इंग्रजांनी 1885 साली घेतले आणि 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. भाट्याच्या खाडीवरच्या टेकाडावरचा हा वाडा 1910 च्या सुमारास उभा राहिला, आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षे समुद्र समोर आणि परतीची वाट बंद. त्याचेही चाक दुसऱ्याच्याच हाती होते. पण ते त्याने आपणहून सोपवलेले नव्हते. आई काचेतून बघत म्हणाली, "बिचारा. त्याला हा समुद्र कुंपणासारखा वाटला असेल."

मग रत्नदुर्ग. घोड्याच्या नालाच्या आकाराचा हा किल्ला. तीन बाजूंनी पाणी, एका टेकाडावर दीपगृह, दुसऱ्यावर भगवती. 1670 साली शिवाजी महाराजांनी तो विजापूरकरांकडून घेतला. कडेलोटाच्या टोकापर्यंत चालणे आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. तिने भगवतीची ओटी भरली आणि देवीला मोठ्याने सांगितले, "आता तिकडून नमस्कार करीन."

साखरतरचा पूल ओलांडून, काळबादेवी मागे टाकून आम्ही आऱ्याला आलो. तिथून रस्ता चढू लागतो. डावीकडे सुरूची झाडे खाली खाली जातात आणि एका वळणावर डोंगर एकाएकी संपतो. मागे आऱ्याची पुळण, पुढे वाऱ्याची पुळण, आणि दोहोंच्या मध्ये समुद्रात घुसलेला हा कडा. वरचा थर तांबड्या जांभ्याचा. जांभा जमिनीत असतो तोवर कुऱ्हाडीने तासता येतो. वारा लागला की टणक होतो. आमच्या घराचे चिरे त्याच जातीचे. खाली काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. लाटा पायथ्याशी कुरतडत असतात, आणि कधी तरी एखाद्या पावसाळ्यात वरचा तुकडा खाली येतो.

सारथ्याने मोटार कडेला घेतली आणि उतरून मागच्या चाकाला धोंडा लावला. मी आईला हात धरून कठड्याशी नेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. वाऱ्याने पदर उडत होता, तो तिने कमरेला खोचला. चुलीपाशी खोचायची, तसाच. मग म्हणाली,

"हे एवढे मोठे आहे होय! आवाजावरून मला इतके वाटले नव्हते."

मी हसलो. पण ती हसत नव्हती. पन्नास वर्षे जे ऐकले, त्याची ती आता मापे घेत होती.

जरा वेळाने तिने मागे वळून पाहिले. सारथी आमच्याकडे आणि समुद्राकडे पाठ करून ओल्या फडक्याने काच पुसत होता. खारा वारा पत्रा खातो, म्हणून पुसावे लागते, असे तो वाटेत बोलला होता.

"अरे, तू ये ना इकडे."

"आजी, मी रोज येतो इथे."

"येतोस ते दिसतेय. बघतोस का कधी?"

तो गोंधळला. "गाडी उतारावर आहे आजी. सोडून कसा येऊ?"

"गाडी गुरुजी राखतील," आई म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी मुकाट्याने जाऊन धोंड्याशेजारी उभा राहिलो.

ती दोघे कठड्याशी उभी होती. वाऱ्यात शब्द ऐकू येत नव्हते. तो हात लांब करून काही दाखवत होता, ती मान हलवत होती. नंतर कळले, त्याचे वडील मच्छीमार होडीवर खलाशी होते, आणि लांबवर दिसणारी होडी निघालेली की परतणारी, हे तो आईला सांगत होता. परतणारी भरलेली होडी पाण्यात खोल बसते. रोज या वळणावर थांबणाऱ्या त्या मुलाला एवढे ठाऊक होते. विचारणारे कुणी भेटले नव्हते.

डबे आम्ही तिथेच, सुरूच्या सावलीत उघडले. पुढे गणपतीपुळ्याला गेलो. तिथला गणपती पश्चिमेकडे तोंड करून आहे. आई हात जोडून पुटपुटली, "याचे बरे आहे. कामही इथेच आणि बघायचेही इथेच." परतताना वारे संपून पुन्हा ते वळण आले. कुणी सांगितले नव्हते, तरी सारथ्याने मोटार थांबवली. सूर्य टेकायला आला होता. या वेळी तो स्वतःच आधी उतरला, चाकाला धोंडा लावला आणि आईसाठी दार उघडून उभा राहिला.

प्रत्येक घराचे एक चाक असते आणि ते कुणाच्या तरी हाती असते. बाकीचे खिडकीतून बघतात, आनंदतात, वर्णने करतात, क्वचित पुस्तकेही लिहितात. चाकावरचे माणूस तक्रार करीत नाही, म्हणून त्याला काही बघायचे नसते असे नाही. या दिवाळीत, वाचकहो, तुमच्या घरातल्या त्या माणसाला एक दिवस मागच्या बाकावर बसवा. मोटारच हवी असे नाही. एक दुपार कुणी तरी घर राखले तरी पुरते.

आई आता डोंबिवलीला आहे. तिथे स्वयंपाकघर सुनेच्या हाती आहे आणि आई खिडकीत बसते. मात्र भाऊ मंडळींना घेऊन कुठे निघाला, की पहाटे उठून डबे तीच भरते. फरक एवढाच, की आता त्यात एक तिचा असतो.