भांडण त्यांचं, ओटा आमचा

"वहिनी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" असं आमच्या धाकट्या मालकांनी मला भर चौकात, नळाला पाणी आलेलं असताना, चारचौघींसमोर विचारलं. अजून आठवलं की संताप होतो. मी भाडेकरू. मला कसली आलीय बाजू?

वाडा सदाशिव पेठेतला. सासऱ्यांनी पागडी देऊन घेतलेल्या दोन खोल्या, जुन्या मालकांच्या, म्हणजे आप्पांच्या, हातच्या भाडेपावत्या. आप्पा गेले आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत वाटपाचा दावा लागला. थोरले वादी, धाकटे प्रतिवादी नंबर एक, नाशिकच्या ताई नंबर दोन. पेठेत यात नवल काही नाही.

नवल पुढे होतं. एकाच आठवड्यात दोन नोटिसा आल्या. थोरल्यांचे वकील म्हणतात, भाडं आमच्या अशिलालाच द्या. धाकट्यांचे म्हणतात, थोरल्यांना दिलंत तर ते भरलं असं आम्ही धरणार नाही. आमच्या यजमानांचं म्हणणं, निकाल लागेपर्यंत कोणालाच देऊ नका, पैसे बँकेत राहू देत. आमच्या वकीलबाईंनी तिथल्या तिथे अडवलं. मालक आपसात भांडतात म्हणून आपलं भाडं माफ होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 15 भाडेकरूला राखतं, पण भाडं देणाऱ्या किंवा द्यायला तयार असणाऱ्या भाडेकरूला. ती तयारी कागदावर दिसली पाहिजे. म्हणून तिन्ही वारसांना रजिस्टर पत्र टाकलं : भाडं तयार आहे, कोणाच्या नावे द्यायचं ते तिघांनी मिळून लेखी कळवा. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी ताईंच्याच अर्जावर कोर्टानं हुकूम केला, की दावा चालू असेपर्यंत सगळ्या भाडेकरूंनी भाडं कोर्टात भरावं. आम्ही सुटलो. दोघे भाऊ मात्र आमच्यावरच रुसले!

मधल्या काळात थोरले एक छापील कागद घेऊन आले होते. "नुसती फॉर्मॅलिटी आहे, सही करा." वाचला तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. सही झाली असती तर भाडेकरू म्हणून असलेला हक्क आम्हीच सोडला, असं उद्या कोणीही म्हणायला मोकळं. मी चहा दिला, सही दिली नाही.

पण माझा खरा राग आहे तो मोजणीच्या दिवसाचा. कोर्ट कमिशनर येणार हे आम्हाला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. दावा आमच्यावर नाही, त्यामुळे नोटीस आम्हाला नाही. सकाळी कुकर लावलेला, आणि दारात कमिशनर, दोन्ही वकील, दोन्ही भाऊ आणि टेप धरणारा पोरगा. टेप बाहेरच्या खोलीतून निघाला, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आला आणि ओट्याच्या बरोबर मधून पलीकडच्या भिंतीला टेकला. पोरानं ओट्यावर खडूनं रेघ ओढली. शेगडी थोरल्यांच्या बाजूला, मोरी धाकट्यांच्या. धाकटे म्हणाले, रेघ सहा इंच अलीकडे पाहिजे. थोरले म्हणाले, भिंतीची जाडी धरा. भिंतीवरून त्यांची अशी जुंपली, की कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मला माझ्याच गॅसपर्यंत पोचता येईना. भात करपला. कमिशनर माणूस सभ्य होता, "ताई, दोन मिनिटं" म्हणत होता. नंतर नकाशाची नक्कल मिळवून पाहिली. आमच्या दोन खोल्यांवर लिहिलं होतं, "भाडेकरूच्या ताब्यातील भाग". सासूबाईंचं अख्खं आयुष्य त्या ओट्याशी गेलं, त्याचं नाव भाग.

वकीलबाई म्हणाल्या, रेघेनं तुमचा ताबा जात नाही. वाडा कोणाच्याही वाट्याला येवो किंवा दावा चालू असताना कोणी विकत घेवो, तुमच्यासकटच जाणार. घेणाऱ्याला तुम्हाला काढायचं असेल तर कलम 16 मधलं कारण दाखवून वेगळा दावा लावावा लागेल. हे कळल्यावर झोप लागायला लागली. पुढे धाकट्यांनी जिन्यातला दिवा तोडला तेव्हाही आम्ही हातघाईवर आलो नाही. जिन्यातला आणि बोळातला दिवासुद्धा कायद्यानं अत्यावश्यक सेवेत धरलाय. कलम 29 चा उल्लेख करून एक पत्र दिलं, दिवा लागला.

एवढं सगळं लिहूनही एक सांगते, मालकांची चिडचिड मला अगदीच अनाठायी वाटत नाही. आमचं भाडं किती ते इथे लिहायचीसुद्धा लाज वाटते, त्यात आज महिन्याचा चहासुद्धा व्हायचा नाही. वाड्याची कौलं बदलायची तर पैसा आणायचा कुठून? जुन्या भाड्याचं ओझं एकट्या मालकावर टाकणारा कायदा मालकांना न्याय देतो, असं मी म्हणणार नाही. पण त्याचा राग माझ्या ओट्यावर काढू नका, एवढंच.

ज्यांच्या मालकांचं भांडण कोर्टात गेलंय त्यांना माझं सांगणं : जुन्या पावत्या जपा, भाडं कोणाला द्यायचं ते लेखी विचारा आणि ते एक महिनाही तुंबू देऊ नका. कोणी दारात येऊन कागद पुढे केला तर आधी तो आपल्या वकिलाला दाखवा. आमच्या वाड्याचा अंतिम हुकूमनामा अजून झालेला नाही. भाडं दर महिन्याला कोर्टात जमा होतं, चलनं फाइलला लावलेली आहेत.